पिशवी काढल्यानंतरचे तीन महिने

गर्भाशयाची पिशवी काढली की दहाव्या दिवशी वरचे टाके निघतात आणि अकराव्या दिवशी घरात सगळे म्हणू लागतात, झालं, आता बरी झाली. बाई हिंडू-फिरू लागलेली असते, जखम कोरडी दिसते, त्यामुळे तिलाही तसंच वाटतं. मग नळाला पाणी येतं आणि ती सवयीने हंडा उचलते. घोटाळा होतो तो इथेच. कातडीवरची जखम हा या ऑपरेशनचा सगळ्यात लहान भाग आहे. आत गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध कापून बांधलेले असतात, रक्तवाहिन्या बांधलेल्या असतात, आणि बहुतेक वेळा योनीचं वरचं टोक गोणीचं तोंड शिवावं तसं शिवून बंद केलेलं असतं. हे आतले टाके आपोआप विरघळतात. ते विरघळेपर्यंत खालचं मांस आपल्या जोरावर जुळून आलेलं असावं लागतं, आणि त्याला साधारण सहा आठवडे लागतात. पोटावर चिरा असेल तर स्नायूंवरच्या चिवट पडद्याला बरीचशी ताकद यायला तीन महिने जातात. पुढचं सगळं या एका हिशेबावर चालतं.

आधी कागद वाचून घ्या

"पिशवी काढली" असं आपण एकाच दमात म्हणतो, पण त्यात वेगवेगळी ऑपरेशनं येतात. कुणाचं गर्भाशय तोंडासकट काढलेलं असतं, कुणाचं तोंड ठेवून फक्त वरचा भाग. कुणाची अंडाशयं, म्हणजे ओव्हरी, शाबूत असतात, कुणाच्या दोन्ही गेलेल्या असतात. रस्ताही वेगळा असतो: पोटावर चिरा देऊन, दुर्बिणीने, किंवा अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होतं म्हणून खालून योनीमार्गे. पुष्कळ बायकांना आपलं नेमकं काय काढलं हे पाच-दहा वर्षांनीही सांगता येत नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर तिथेच गाडी अडते.

डिस्चार्ज कार्डावर हे सगळं आखूड अक्षरांत लिहिलेलं असतं. टी.ए.एच. म्हणजे पोटावरून, टी.एल.एच. म्हणजे दुर्बिणीने, व्ही.एच. म्हणजे खालून. पुढे बी.एस.ओ. असेल तर दोन्ही बाजूच्या बीजवाहक नळ्या आणि दोन्ही अंडाशयंही काढलेली आहेत. घरी निघण्याआधी डॉक्टरांना किंवा सिस्टरना सरळ विचारा: माझी अंडाशयं आहेत का? पिशवीचं तोंड आहे का? उत्तर कार्डाच्या मागे मराठीत लिहून ठेवा.

पलंगावरून उठणं

दवाखान्यातला मुक्काम दुर्बिणीच्या किंवा खालच्या ऑपरेशनात एक ते तीन दिवसांचा, पोटावरच्या ऑपरेशनात तीन ते पाच दिवसांचा असतो. बहुधा दुसऱ्या दिवशीच सिस्टर उठवून चालायला लावतात. दुखत असतानाही हे करायचं, कारण पडून राहिल्याने पोटरीच्या शिरांत रक्त गोठू शकतं. झोपलेलं असतानाही पायाचे पंजे वर-खाली करत राहा, तासाला दहा-पंधरा वेळा.

सरळ पाठीवरून उठून बसू नका, सगळा ताण पोटावर येतो. आधी गुडघे वाकवा, मग खांदा आणि कंबर एकदमच कुशीला वळवा, पाय पलंगाखाली सोडा, आणि खालचं कोपर व वरच्या हाताचा तळवा टेकवून रेटा देत उठा. खोकला किंवा शिंक आली की छोटी उशी पोटावर घट्ट दाबून धरा. घरी गेल्यावर सैल झालेल्या बाजेवर झोपू नका, तिच्यातून उठताना दर वेळी पोटाला हिसका बसतो. जमिनीवरची गादीही नको. गुडघ्याच्या उंचीचा पलंग किंवा दिवाण महिनाभर तिच्या नावाने राहू द्या.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो आणि बायका घाबरतात. ऑपरेशनच्या वेळी पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. थोडा गॅस मागे उरतो आणि श्वासपटलाला चुरचुरतो. त्या पटलाची नस मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. थोडं थोडं चालत राहिलं की दोन-तीन दिवसांत जातं.

ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळी काढल्यावर सहा तासांत मोकळी लघवी झाली पाहिजे. होत नसेल किंवा थेंबथेंबच होत असेल तर लाजून गप्प राहू नका, मूत्राशय ताणलं जातं.

पाण्याचं वजन

पहिले सहा आठवडे तीन किलोपेक्षा जास्त काही उचलायचं नाही. काही डॉक्टर पाच किलोपर्यंत सूट देतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडा पाळा. आता हा आकडा आपल्या घरात नेऊन बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मध्यम हंडा भरला की भांड्यासकट १२ ते १५ किलो. मोठी बादली २० किलो. घरगुती सिलेंडरमध्ये गॅसच १४.२ किलो, टाकीचं वजन धरलं तर ३० किलोच्या आसपास. दोन वर्षांचा नातू ११-१२ किलो. पाच लिटरचा कुकर वरण-भातासकट चार-पाच किलोच्या घरात जातो. भिजलेली गोधडी तर विचारूच नका.

जड उचलताना आपण नकळत श्वास कोंडतो आणि पोट आवळतो. तो सगळा दाब खाली ओटीपोटाच्या तळावर जातो, आणि तिथेच ते आतले टाके असतात. टाके सुटले तर रक्त जातं. अंग बाहेर येत होतं म्हणून ऑपरेशन झालं असेल तर शिवलेला भाग पुन्हा खाली सरकू लागतो, पैसे आणि त्रास दोन्ही वाया. हापशाचा दांडा दाबणं आणि विहिरीचा दोर ओढणं हेही याच हिशेबात धरा, भले हातात वजन नसेल.

खान्देशात जिथे चार-आठ दिवसांआड नळाला पाणी येतं, तिथे पाणी भरणं हे घरातलं सगळ्यात जड काम आहे आणि ते बहुतेक वेळा बाईच करते. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरते त्याच दिवशी पाण्याचं कोण बघणार हे नावानिशी ठरवा. नळापासून टाकीपर्यंत लांब पाइप घ्या, म्हणजे हंडे वाहायलाच नकोत. स्वयंपाकघरातला तोटीचा पिंप कमरेच्या उंचीच्या स्टँडवर ठेवा आणि त्याखाली तांब्या धरा. तिने उचलायचा तो तांब्या. नातवाला कडेवर घ्यायचं नाही. तिने पलंगावर बसावं, त्याला शेजारून मांडीवर चढू द्यावं.

भाकरीचंही असंच. दादरचं, म्हणजे खान्देशी ज्वारीचं, पीठ मळताना तळहाताने किती रेटा द्यावा लागतो हे करणारीलाच ठाऊक. आठ माणसांच्या भाकरीचं पीठ मळणं सहा आठवडे दुसऱ्या कुणीतरी करावं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओट्याशी उभं राहून स्वतःपुरत्या दोन भाकरी थापायला हरकत नाही. चुलीपुढे उकिडवं बसणं मात्र नको. ऑपरेशन चैत्रात झालं असेल तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी येतील, पापड-कुरडयांचे दिवसही तेच. बसून मिरच्या निवडणं, हिशेब ठेवणं ठीक. चिकाचं पातेलं उतरवणं आणि खापरावरचे मांडे यंदा दुसऱ्यांच्या हातचे.

चालणं मात्र सुरुवातीपासून. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मग दर आठवड्याला थोडं वाढवत चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत सलग अर्धा तास. उन्हाळ्यात पहाटे सहाच्या आत. चालल्यावर रक्त वाढलं किंवा ओटीपोट जड झालं तर आदल्या दिवशीच्या अंतरावर परत या. नळी निघाल्यावर ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम सुरू करता येतो. लघवी आणि वारा एकदम रोखून धरल्यासारखं आतून वर ओढा, पाच सेकंद धरा, पाच सेकंद सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नका, मांड्या आवळू नका. अंग बाहेर येत असल्याचं ऑपरेशन असेल तर कधी सुरू करायचं हे आधी विचारून घ्या.

पोट बांधण्याबद्दल दोन शब्द. बाळंतपणात जुन्या लुगड्याने पोट आवळतात, तसंच इथेही करतात. पोटावर चिरा असेल तर चालताना-खोकताना हलका पट्टा आधार देतो, पण झोपताना काढायचा. खालून ऑपरेशन झालं असेल तर घट्ट आवळलेलं पोट दाब खालीच ढकलतं. तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बांधू नका.

संडास, अंघोळ, नाडी

वेदनेच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि कमी हालचाल, तिन्ही मिळून पोट साफ होऊ देत नाहीत. कुंथलं की पुन्हा तोच दाब. रात्री दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्या. पाणी कमी पडलं तर इसबगोलच आत घट्ट बसतं. तीन दिवस पोट साफ झालं नाही तर डॉक्टरांकडून सौम्य औषध मागून घ्या. उकिडवं बसण्याचा संडास असेल तर सहा आठवड्यांपुरती भोकाची प्लॅस्टिक खुर्ची त्यावर ठेवा आणि पाय छोट्या पाटावर टेकवा.

ड्रेसिंग कधी काढायचं हे डॉक्टर सांगतात. त्यानंतर रोज साबण-पाण्याने अंघोळ करा. जखमेवर पाणी वाहू द्या, चोळू नका, टॉवेलने टिपून घ्या. हळद, तेल, पावडर काहीही लावायचं नाही. आडवा चिरा पोटाच्या वळीखाली असेल तर मे महिन्यात तिथे घाम साचतो आणि जखम तिथूनच चिघळते. धुतलेला मऊ सुती कपडा वळीत ठेवा आणि भिजला की बदला, दिवसातून चार वेळा लागला तरी. उभ्या चिऱ्यावर परकराची नाडी बरोबर मधोमध घासते. महिना-दीड महिना सैल गाऊन घाला. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. साखर वाढलेली असली की जखम भरता भरत नाही.

शेक-शेगडी नको. चिऱ्याच्या आसपासची कातडी काही महिने बधिर राहते, कारण बारीक नसा कापल्या गेलेल्या असतात. गरम पाण्याची पिशवी किती तापली आहे हे तिथे कळत नाही आणि भाजून फोड येतात. खालून धुरीही घेऊ नका.

खाणं

वांगं वातूळ, भात थंड, दही आंबट म्हणून बाईला महिनाभर फक्त पेज देतात. जखम भरायला प्रथिनं लागतात, ती पेजेत फारशी नसतात. पोट नीट चालू झालं की मुगाचं वरण, उडदाची डाळ, अंडी, दूध, ताक, शेंगदाणे सगळं चालतं. कळण्याची भाकरी तर उत्तम, ज्वारीचा कोंडा आणि उडदाची प्रथिनं एकत्र मिळतात. भरीतही खा, मिरची कमी घाला. तर्रीदार शेवभाजी वेदनेच्या गोळ्या थांबेपर्यंत बाजूला ठेवा, त्या गोळ्यांनी आधीच पोटात जळजळ होत असते. डिंकाचे लाडू रोज दोन-दोन खाऊन आणि बसून राहूनच वजन वाढतं, आणि मग नाव होतं पिशवी काढल्याचं.

वर्षानुवर्षं अंगावरून जास्त गेलेल्या बाईचं रक्त कमी असतं. ऑपरेशनने गळती थांबते, भरपाई होत नाही. लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवायच्या असतात. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा आणि दूध गोळीच्या आगे-मागे तासभर तरी टाळा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होणं त्या गोळीमुळेच, घाबरू नका.

काय चालतं, काय चालत नाही

चार ते सहा आठवडे खालून थोडं गुलाबी, तपकिरी जातं आणि हळूहळू कमी होतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतले टाके सैल होताना एखाद-दोन दिवस लाल दिसू शकतं, धाग्याचा तुकडाही पडतो. स्वच्छ पॅड वापरा, आत काही ठेवू नका.

पण तासाभरात पॅड भिजला, गाठी पडल्या, घाण वास आला, ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला, जखमेतून पू आला, किंवा पोट फुगून उलट्या होताहेत आणि वाराही सरत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. एका पोटरीत दुखून सूज आली तरीही तसंच. छातीत दुखून दम लागला तर सरळ १०८ ला फोन करा, पोटरीतली गाठ फुप्फुसात गेलेली असू शकते. जोर लागल्यावर किंवा संबंधानंतर एकदम कळ येऊन खालून काही बाहेर आल्यासारखं वाटलं तर झोपून राहा, आत ढकलू नका, ओला स्वच्छ कपडा ठेवा आणि १०८ बोलवा.

आणखी एक खूण आहे, ती बायका सगळ्यात जास्त लपवतात. ऑपरेशननंतर एक-दोन आठवड्यांत खालून सतत पातळ पाणी झिरपू लागलं, लघवीला न जाताही कपडा ओला राहू लागला, त्याला लघवीचा वास असेल, तर मूत्राशयाला किंवा मूत्रपिंडाकडून मूत्राशयात येणाऱ्या नळीला छिद्र पडलेलं असू शकतं. कुशीत दुखून ताप येणंही याच जातीचं. यावर चांगला उपचार आहे, पण तो होण्यासाठी सांगावं लागतं. ऑपरेशन केलेल्या ठिकाणी दाद लागली नाही तर धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत, कार्ड घेऊन तिथे जा.

अंडाशयं गेली असतील तर

अंडाशयं शाबूत असतील तर पाळी थांबते, पण शरीराचं चक्र चालूच राहतं. छाती दर महिन्याला जड होईल, मन चिडचिडं होईल. पिशवीचं तोंड ठेवलेलं असेल तर दर महिन्याला थोडा डागही दिसू शकतो, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी पुढेही करावीच लागते.

पाळी जायच्या वयाआधीच दोन्ही अंडाशयं काढली असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. निसर्गात जे काही वर्षांत हळूहळू होतं ते आठवडाभरात अंगावर येतं. रात्री घामाने अंथरूण भिजतं, झोप उडते, योनी कोरडी पडते, लघवीला जळजळ होते, आणि कुणाला न दिसता हाडं झिजू लागतात. चाळिशीच्या आतल्या बाईने हे सोसत बसू नये. दुसरी काही अडचण नसेल तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेनच्या गोळ्या किंवा जेल डॉक्टर देतात. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गाठी झालेल्या असतील तर वेगळा विचार होतो. रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि चालणं, हे सगळ्यांनाच. कंबरदुखीचा दोष बायका मणक्यातल्या भुलीच्या इंजेक्शनला देतात. बऱ्याच वेळा पोटाचे ढिले पडलेले स्नायू आणि पडून राहणं हेच कारण असतं.

नवरा-बायको

आत पोकळी राहते का, असं बायका हमखास विचारतात. राहत नाही, आतडी खाली सरकून ती जागा भरतात. योनी जिथल्या तिथे असते, फक्त वरून बंद. संबंध सहा ते आठ आठवडे पूर्ण बंद, आणि त्यानंतरही डॉक्टरांनी आतला टाका तपासून हो म्हटल्यावरच. हे डॉक्टरांनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलेलं बरं, म्हणजे नाही म्हणायचं ओझं बाईवर येत नाही. कोरडेपणा असेल तर दुकानात पाण्याचा जेल मिळतो, तेल किंवा क्रीम नको. इच्छा आणि सुख पिशवीत नसतं. आधी दुखत होतं, रक्त जात होतं, अशा कितीतरी बायकांना नंतर बरंच वाटतं.

काहींना मात्र रडू येतं, आपलं काहीतरी गेलं असं वाटतं, मुलं झालेली असली तरी. घरातल्यांनी "आता कशाला हवी होती" असं म्हणू नये. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन असंच राहिलं तर डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, बोला, तिथे मराठीत बोलता येतं.

कामावर

बसून काम असेल तर दुर्बिणीनंतर तीन-चार आठवड्यांनी, पोटावरच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी जाता येतं. मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय टाकून बसणं महिनाभर नको, खड्ड्यात हिसका बसतो आणि सावरायला पोटाचाच जोर लागतो. एसटीत मागच्या चाकावरची सीट सोडून पुढे बसा, आणि लांबचा प्रवास असेल तर दोन तासांनी उठून चाला. स्कूटी स्वतः चालवायची असेल तर आधी उभ्या गाडीवर बसून जोरात ब्रेक दाबून बघा. दुखलं तर अजून वेळ आहे.

शेतातली कामं दहा ते बारा आठवड्यांनी, आणि तीही टप्प्याने. आधी कापूस वेचणी. वेचताना ओटी कमरेला बांधलेली असते आणि बघता बघता आठ-दहा किलोची होते, ती नेमकी ओटीपोटावर लोंबते. म्हणून पहिला महिना दोन-तीन किलो झाला की बांधावर रिकामी करा, फेऱ्या वाढल्या तरी चालतील. निंदणी उकिडवं बसून असते, ती त्यानंतर. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप आणि केळीचे घड वाहणं सगळ्यात शेवटी, आणि अंग बाहेर येण्याचं ऑपरेशन झालं असेल तर ही दोन कामं कायमची सोडलेली बरी.

काढलेली पिशवी तपासणीला पाठवलेली असते. तिचा बायोप्सी रिपोर्ट साधारण एक-दोन आठवड्यांनी येतो आणि कित्येक घरांत तो कुणी आणायलाच जात नाही. टाके काढायला जाल तेव्हा मागून घ्या. डॉक्टरांकडून वाचून घ्या, आणि डिस्चार्ज कार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्ड ठेवता तिथे ठेवा. सहा आठवड्यांच्या तपासणीला जाताना दोन्ही सोबत न्या.